सांत आंतोनचा मोडलेला हात आणि मूर्तिपूजेचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात जुनं घर पाडून नवीन बांधलंय. जुन्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या जागी, आजीच्या वेळची सांत आंतोनची (संत अँथनीची) दीड फुटी प्लास्टरची मूर्ती होती. सामान हलवताना तिचा उजवा हात मनगटापाशी तुटला, रंगही जागोजागी सुटलाय. शेजारच्या काकू म्हणतात, भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, मलप्रभेत सोडा. चुलतभाऊ हल्ली दुसऱ्या, कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती सभेला जातो. तो म्हणतो, बायबलातच मूर्ती मना आहे, दुरुस्त कसली करताय, फोडून टाका. आणि घरभरणीच्या आत नवा आल्तार कुठे नि कसा करायचा, हेही ठरायचंय.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. कॅथलिक समजुतीप्रमाणे मूर्तीत कोणी येऊन राहत नाही. फादर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात ती प्राणप्रतिष्ठा नव्हे. तिथे आवाहन नसतं, डोळे उघडण्याचा विधी नसतो, आणि आवाहनच नाही तर विसर्जन कशाचं करणार? आशीर्वादाच्या प्रार्थनेत मागणं असतं ते मूर्तीपुढे उभं राहणाऱ्या माणसांसाठी: या रूपाकडे पाहून त्यांना त्या संताच्या वाटेने जाता यावं. प्लास्टर त्यानंतरही प्लास्टरच राहतं.

बेळगावकडे हे फोड करून सांगावं लागतं, कारण आपले शब्द सगळे सामाईक आहेत. मूर्ती, नवस, हार, जत्रा, पालखी हे शब्द गल्लीतल्या गणपतीलाही तेच आणि फेस्तालाही, म्हणजे संताच्या सणालाही, तेच. गणपतीच्या मूर्तीत देव बोलावला जातो, म्हणून तिथे भंगलेली मूर्ती चालत नाही, मुहूर्त लागतो, शेवटी पाण्यात निरोप द्यावा लागतो. त्या पद्धतीत ते सुसंगतच आहे. काकूंचा सल्ला त्यांच्या घरच्या मूर्तीसाठी बरोबर आहे, तुमच्या सांत आंतोनला मात्र लागू पडत नाही.

आता चुलतभावाचं म्हणणं. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, अशी आज्ञा आहे, हे खरं. पण त्याच पुस्तकाच्या २५व्या अध्यायात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखांचे देवदूत, घडवायची आज्ञाही देवानेच दिली आहे. गणनेच्या २१व्या अध्यायात मोशेने पितळी साप करून खांबावर लावला, तोही सांगण्यावरून. म्हणजे मनाई घडवण्याला सरसकट नाही, घडवलेल्याला देव मानण्याला आहे. त्या सापाचं पुढे काय झालं हेही वाचायला हवं, आणि ते आपल्याच माणसांनी आधी वाचावं. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, १८व्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत, हिज्कीया राजाने तोच साप फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. साप तोच होता, माणसांचं वागणं बदललं होतं.

चर्चमध्ये हा वाद आठव्या-नवव्या शतकातच पेटून विझला आहे. बायझंटाइन सम्राटांनी प्रतिमा फोडायचे हुकूम काढले तेव्हा दमास्कसच्या संत योहानाने प्रतिमांची बाजू मांडली: अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे कबूल, पण तो माणूस होऊन डोळ्यांना दिसला, तर त्या दिसलेल्याचं चित्र का नको? ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेने निकाल दिला. आराधना फक्त देवाची. प्रतिमेला सन्मान, आणि तो सन्मान जिची प्रतिमा त्या व्यक्तीकडे पोहोचतो. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने आणखी स्पष्ट केलं की प्रतिमेत काही दैवी शक्ती आहे असं मानून तिच्याकडे काही मागायचं नाही, तिच्यावर भरवसा टाकायचा नाही. पैसा कमावण्यासाठी आणि अंधश्रद्धेसाठी मूर्ती वापरली जात असेल तर ते थांबवायची जबाबदारी बिशपांवर टाकली. आजच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, म्हणजे १९९२च्या कॅटेकिझममध्ये, २१२९ ते २१३२ या परिच्छेदांत हेच आहे. चुलतभावाला परिच्छेदाचे आकडे सांगून तो गप्प बसेल असं नाही, पण निदान पुढचं बोलणं नेमकं होईल.

पोथीतला हा फरक वागण्यात दिसतो का, हे पाहायला चर्चच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. टॅबर्नॅकलजवळ, म्हणजे परमप्रसाद ठेवलेल्या पेटीजवळ, दिवा जळत असतो. तिथे उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा, कारण तिथे ख्रिस्त स्वतः आहे अशी श्रद्धा आहे. संताच्या मूर्तीपुढे मान लववली की झालं. धूपदान फिरवतानाही हाच हिशेब: लोकांच्या भक्तीसाठी मांडलेल्या प्रभूच्या प्रतिमेला तीन झोके, संतांच्या प्रतिमेला दोन, तेही मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीलाच. आता प्रत्यक्षात काय होतं? बाजूच्या दाराने आत येऊन थेट सांत आंतोनपाशी जायचं, पायाला हात लावून तो कपाळाला न्यायचा, मेणबत्ती लावायची आणि टॅबर्नॅकलकडे पाठ करून बाहेर पडायचं. मूर्तिपूजेचा आरोप खरा ठरतो तो अशा ठिकाणी. मूर्ती काढून हे सुटत नाही. क्रम सुधारावा लागतो: आधी टॅबर्नॅकल, मग संत.

आणखी एक सवय इथेच सांगून टाकतो. हरवलेली वस्तू सापडेपर्यंत सांत आंतोनला उलटा ठेवणं, लग्न जमेपर्यंत त्याच्या हातातलं बाळ येशू काढून घेणं, जागा विकली जावी म्हणून संत जोसेफला जमिनीत पुरणं. हे जगभर चालतं, आपल्याकडेही ऐकू येतं. संताला ओलीस धरण्याचाच हा प्रकार आहे, आणि चर्च याला अंधश्रद्धा म्हणतं. नवस बोलायला हरकत नाही, पण नवस देवाला असतो. संताला आपण फक्त सोबत प्रार्थना करायला सांगतो.

तर मूर्ती फोडायची नाही आणि मलप्रभेतही सोडायची नाही. दुरुस्त करायची.

दुरुस्तीआधी तुटलेल्या जागी नीट बघा. मनगटाच्या मध्यभागी बहुधा लोखंडी तार दिसेल, तिच्याभोवती प्लास्टरला तांबूस कडं आलेलं असेल. हात सामान हलवताना तुटला असं आपण म्हणतो, पण तो बरीच वर्षं तुटत आलेला असतो. प्लास्टर ऑफ पॅरिस हवेतला ओलावा शोषतं. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीकडचा पाऊस काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. चार महिने भिंती, गाद्या, कागद सगळंच ओलं. तो ओलावा तारेपर्यंत पोहोचतो, तार गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि प्लास्टरला आतून चीर पाडतं. मनगट, बोटं, बाळाची मान, काठी किंवा फूल धरलेली मूठ, म्हणजे जिथे प्लास्टर पातळ आणि आत तार, तिथेच मूर्ती मोडते. बाकीची मूर्ती तपासा. कुठे केसाएवढी तपकिरी रेघ दिसली तर पुढचा तुकडा तिथला सुटणार.

सगळे तुकडे, अगदी चुराही, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा. मूर्ती आठ-पंधरा दिवस कोरड्या, वारा खेळत्या खोलीत ठेवा. उन्हात नको, चुलीजवळ नको. एका अंगाने भराभर वाळली की रंग पापुद्र्यांनी उठतो. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ चांगला.

मग जुनी तार पक्कडीने हलकेच ओढून काढा. निघत नसेल तर खेचाखेची नको; दिसणारा गंज खरवडून त्यावर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक रंगाचा, हात द्या. निघाली तर तिच्या जागी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची दीड ते दोन मिलिमीटरची तार घाला, दोन्ही बाजूंना साधारण एक सेंटिमीटर आत जाईल एवढी. भोक हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने पाडा, हातोड्याचं यंत्र नको. दोन्हीकडची भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूच्या तारेच्या टोकाला ओला रंग लावून दुसरी बाजू टेकवा, ठिपका उमटेल तिथे भोक. लोखंडी खिळा किंवा टाचणी वापरली तर काही पावसाळ्यांनी हाच हात हातात येईल.

चिकटवायला फेविक्विकसारखा झटपट गोंद नको. तो क्षणात धरतो, हात वाकडा बसला तर सोडवता येत नाही, आणि दोन कडांमधली फट भरतही नाही. दोन नळ्यांचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या, अराल्डाइटसारखा. दोन्ही नळ्यांतून सारखा भाग पिळून चांगला घोटा. एक भाग कमी पडला तर तो महिनोन्‌महिने चिकटच राहतो. आधी गोंद न लावता तुकडा बसवून बघा, कडेवरून पेन्सिलीने दोन आडव्या खुणा करा, मग पातळ थर लावून त्या खुणा जुळवा. खरी अडचण पुढे येते: हात चोवीस तास धरून कोण बसणार? परातीत कोरडी वाळू घ्या, मूर्ती फडक्यात गुंडाळून अशी आडवी रोवा की हात स्वतःच्या वजनाने सांध्यावर टेकलेला राहील. बाहेर आलेला गोंद लगेच कोरड्या कापसाने टिपा. स्पिरिटचा बोळा फिरवायचा मोह होतो, पण त्याने आजूबाजूचा जुना रंग सुटतो.

फट भरायला प्लास्टर कालवताना वजनाने तीन भाग पावडर आणि दोन भाग पाणी. पाण्यात पावडर भुरभुरायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गाठी होतात. त्याआधी जुन्या प्लास्टरच्या कडा ब्रशने ओल्या करून घ्या. हे विसरलं तर जुनं कोरडं प्लास्टर नव्यातलं पाणी क्षणात ओढून घेतं आणि भरलेली जागा दुसऱ्या दिवशी भुसा होऊन गळते. अर्ध्या तासात ते घट्ट होतं, पण घट्ट म्हणजे वाळलेलं नव्हे. आठवडाभर थांबा. गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत पाणी आहे. मग २२० नंबरचा आणि नंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने.

सांत आंतोनच्या उजव्या हातात बहुधा लिलीची काडी असते. ती मुठीतल्या भोकात नुसती अडकवलेली असते, चिकटवू नका. पुसताना काढता आली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी फडकं तिच्यात अडकून मूठच घेऊन जाईल.

रंगाचं काम घरच्या माणसांहून जास्त बिघडवतात ते हौशी रंगारी. आपल्याकडे गणपतीचे मूर्तिकार चांगले, हात तयार, आणि हंगाम संपल्यावर असं काम घ्यायला ते मोकळे असतात. त्यांच्याकडे द्यायला माझी अजिबात हरकत नाही, पण त्यांना जुन्या मूर्तीचा फोटो द्या आणि तीन गोष्टी बजावून सांगा. पहिली, ऑइल पेंट किंवा इनॅमल नको. इनॅमलची चकचकीत साय आतला ओलावा अडवते, दोन पावसाळ्यांत फोड येऊन पापुद्रे निघतात, आणि प्रत्येक नव्या हाताने बोटांमधल्या फटी, कपड्याच्या चुण्या, पापण्यांची कड बुजत जाते. पाण्यात कालवायचा अॅक्रेलिक, चमक नसलेला, पातळ दोन हात. दुसरी, फक्त उडालेल्या जागी रंग भरायचा, सबंध मूर्ती रंगवायची नाही.

तिसरी गोष्ट डोळे. जुन्या मूर्तीत बुबुळ पूर्ण गोल नसतं. वरची पापणी त्याचा वरचा भाग झाकते, बुबुळ खालच्या पापणीकडे झुकलेलं असतं आणि उजेडाचा पांढरा ठिपका एका बाजूला असतो. म्हणून नजर खाली, हातातल्या बाळाकडे किंवा पुढ्यात गुडघे टेकलेल्या माणसाकडे जाते. आल्तारावरची मूर्ती डोळ्यांच्या रेषेच्या वर असते हे घडवणाऱ्याने धरलेलं असतं. रंगारी मात्र भक्ताकडे पाहणारे टपोरे डोळे काढायला शिकलेला असतो. तो गोल बुबुळ मधोमध ठेवतो, आणि संत भिंतीवरच्या घड्याळाकडे दचकून बघत असल्यासारखा दिसायला लागतो. डोळ्याचा रंग शाबूत असेल तर डोळ्यांना ब्रश लावूच देऊ नका.

कपड्यांचे रंगही मनाचे नसतात, त्यावरूनच संत ओळखायचा असतो. सांत आंतोनचा झगा फ्रान्सिस्कन तपकिरी, कमरेला पांढरी दोरी, तिला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. दाढी नाही, चेहरा तरुण, कारण ११९५ साली जन्मलेला हा माणूस १२३१ सालीच वारला. पादुआचा म्हणवला जात असला तरी तो जन्माने लिस्बनचा, म्हणून पोर्तुगिजांचा लाडका, आणि म्हणून गोव्यावरून घाट चढून आपल्या कोनाड्यांत आलेला. हाच झगा भगवा रंगवला किंवा गाठी बुजवल्या तर मूर्ती कोणाची हेच कळेनासं होतं. फातिमाची सायबीण, म्हणजे मरियामाता, पांढऱ्या वेषात, सोनेरी काठ, हातात जपमाळ, कडेवर बाळ नाही. बेळगावचं कॅथेड्रल तिच्याच नावाचं असल्याने ती ओळखीची आहे, तरी तिला निळा पट्टा रंगवून लूर्दची केलेली दिसते. निळा पट्टा आणि पायांवर सोनेरी गुलाब लूर्दच्या मातेला. कार्मेलची तपकिरी वेषात. वेळांकणीची साडीत. झेवियरला काळा झगा, वर पांढरा सैल अंगरखा (सर्प्लिस) आणि हातात क्रूस. सेबास्तियनचे बाण, लुसीच्या ताटलीतले डोळे, रोकच्या पायाशी कुत्रा, या खुणा उडाल्या तर आधी त्या परत करा, बाकीच्या रंगाचं नंतर बघू.

हे सगळं घरच्या प्लास्टरच्या मूर्तीसाठी झालं. मूर्ती लाकडाची असेल, जुन्या रंगाखाली आणखी जुना रंग दिसत असेल, किंवा ती घराची नसून चर्चची अथवा गावच्या कपेलाची (छोट्या प्रार्थनामंदिराची) असेल, तर हात लावू नका. चर्च-कायद्याचा ११८९वा नियम सांगतो की जुनी, कलेच्या दृष्टीने मोलाची किंवा लोकांची मोठी श्रद्धा असलेली प्रतिमा बिशपांच्या लेखी परवानगीवाचून दुरुस्त करायची नाही, आणि परवानगी देण्याआधी बिशपांनीही जाणकारांचा सल्ला घ्यायचा. फेस्ताला चार दिवस उरले असताना कोणी दाता पुढे येतो आणि सोनेरी स्प्रे मारून देतो, ते थांबवायला एवढा नियम फादरांच्या हातात पुरेसा आहे. लाकडी मूर्तीच्या खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत किडा आहे. ती इतर लाकडापासून लगेच वेगळी करा आणि कळवा. वरून वॉर्निश फासल्याने किडा मरत नाही, नुसता झाकला जातो.

आता आल्तार. नवं घर म्हणता, तर पहिली सूचना अशी की मूर्ती घाईने भिंतीला टेकवू नका. सिमेंटचा नवा गिलावा कितीतरी महिने पाणी सोडत राहतो. पहिला पावसाळा जाईपर्यंत तरी मूर्ती आणि भिंतीत दोन-तीन बोटं हवा खेळू द्या. बाथरूमची भिंत पाठीमागे आलेली असेल तर ती जागाच नको. तसबिरींचंही तसंच. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, नाहीतर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीवर आतून बुरशीचे ठिपके चढतात आणि कागद काचेला चिकटतो. चिकटलेला कागद ओढू नका, काचेसकट राहू द्या.

दिशेचं बंधन नाही. पूर्व-पश्चिम, वास्तू, मुहूर्त यांतलं काही चर्च सांगत नाही. घरची माणसं संध्याकाळी रोजारीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, एकत्र बसतील तिथे आल्तार. मधोमध क्रूस, तोही प्रभूची आकृती असलेला. एका अंगाला मरिया, दुसऱ्या अंगाला सांत आंतोन किंवा घराण्याचा संत. क्रूसापेक्षा संत मोठा नको, पुढे नको. एकाच संताच्या तीन-तीन मूर्ती मांडू नका. चर्चमध्येही मूर्ती बेताच्या संख्येने, योग्य क्रमाने ठेवाव्यात आणि एका संताची साधारणपणे एकच असावी असा नियम आहे, तो घरालाही शोभतो. बाहेरगावाहून प्रत्येकाने आणलेली एकेक मिळून आल्तार दुकानासारखा होतो. जास्तीच्या मूर्ती ज्यांच्याकडे नाहीत त्यांना द्या. टीव्हीच्या कपाटावरची जागाही टाळा, प्रार्थनेची वेळ झाली की मालिका म्युट होते, बंद होत नाही.

फळी बसल्यावर डोळ्यांच्या थोडी वर येईल एवढी उंच. मेणबत्ती मूर्तीपासून एक फूट पुढे, आणि वर फळी किंवा तसबीर येत नाही हे बघून. काजळी पहिली बसते ती नाकाखाली आणि हनुवटीखाली. ती ओल्या फडक्याने पुसली की पसरून रंगात मुरते. रोजचं पुसणं म्हणजे मऊ कोरडा ब्रश, वरून खाली. प्लास्टरला पाणी, साबण, खोबरेल काही लागू द्यायचं नाही. तेलाने चेहरा चार दिवस तुकतुकीत दिसतो, मग त्यावर धूळ बसून काळा पडतो. दिव्यांच्या माळा लावल्या तर रात्री बंद करा.

घराच्या आशीर्वादाला फादर येतील तेव्हा मूर्ती, क्रूस, जपमाळा एका ताटात मांडून ठेवा, सगळ्यांना एकदमच आशीर्वाद देता येतो. दुरुस्त केलेल्या मूर्तीला पुन्हा आशीर्वाद घ्यावा लागतो का? हात जोडला, रंग भरला एवढ्याने जुना आशीर्वाद जात नाही. मनाला बरं वाटावं म्हणून मागितला तरी कोणी नाही म्हणणार नाही. तोवर त्या मूर्तीसमोर प्रार्थना करायला काहीही आडकाठी नाही.

कधीतरी मात्र मूर्ती जोडण्यापलीकडे जाते. रूपच उरलं नाही की आशीर्वादही उरत नाही. तरी ती वस्तू प्रार्थनेत वापरलेली आहे, म्हणून कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. लाकूड आणि कागद जाळून राख पुरायची. प्लास्टर फोडून, ओळखू येणार नाही असं करून, परसात किंवा चर्चच्या आवारात पायाखाली न येणाऱ्या जागी फूटभर खड्ड्यात पुरायचं. नदीत किंवा विहिरीत नको. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, रंग पाण्यात उतरतो, आणि पीओपीच्या मूर्ती पाण्यात सोडायला कर्नाटकात तशीही बंदी आहे. पिंपळाखाली किंवा गावच्या खुरसाच्या (क्रूसाच्या) चौथऱ्यावर नेऊन ठेवायची पद्धत वाढली आहे, तीही नको. तिथे ती पावसात झिजते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं कोणीतरी करणी केली.

फेस्ताला मूर्ती बाहेर काढणार असाल तर थोडंसं. सांत आंतोनचा सण १३ जून, ऐन मृगाचा. वेळांकणीचा ८ सप्टेंबर, पाऊस असतोच. फातिमाचा १३ मे, वळवाचा. म्हणजे मिरवणुकीला प्लास्टिकचं आवरण घडी करून बरोबर हवंच. मूर्ती उचलताना बैठकीखाली हात घाला, दंडाला किंवा डोक्याला धरून नाही. बांधायची ती बैठकीला, पट्ट्याखाली फडक्याची घडी देऊन. गळ्याभोवती दोर घेतला तर पहिल्याच खड्ड्याला मान जाते. प्लास्टरची तीन फुटी मूर्ती दोघांना जड होते, फायबरची एकटा उचलतो, म्हणून मिरवणुकीसाठी फायबरची वेगळी ठेवलेली बरी.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मूर्तींवर जांभळं कापड टाकलेलं पाहून चुलतभाऊ विचारेल की आता देव झोपला का. उपवासकाळातल्या पाचव्या रविवारच्या आदल्या संध्याकाळपासून क्रूस आणि मूर्ती झाकायची मुभा आहे. क्रूस शुभ शुक्रवारच्या विधीत उघडतो, मूर्ती पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीआधी. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं झाकत नाहीत. त्याला सांगा, मूर्तीवाचून आमची भक्ती अडत नाही, याचा हा दरवर्षीचा सराव आहे.

राहिल्या काकू. घरभरणीला त्या सांत आंतोनसाठी शेवंतीचा हार घेऊन येतील, नारळही आणतील. आनंदाने घ्या. ओला हार थेट प्लास्टरच्या गळ्यात घातला तर देठांचा पिवळा डाग झग्यावर कायमचा बसतो, म्हणून मूर्तीच्या मागे दोन्ही बाजूंना वर आलेली एक पितळी कमान फळीवर आधीच ठोकून ठेवा. हार तिच्यावर चढवा, समोरून तो गळ्यातच दिसतो. नारळ आल्तारापुढे फोडू नका, स्वयंपाकघरात न्या आणि त्याच दिवशीच्या सान्नांना, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांना, वापरा.